कोरी कड

द्वारकेला, ट्रकांच्या धुरामागे
दादांचं रिमोल्डिंगचं दुकान होतं.
भिंतीवर तीन टायर, विकायचे नसलेले.
गिऱ्हाईक विचारायचं, काय भाव?
दादा म्हणायचे, ते शमुवेलचे आहेत.

शमुवेल रणभिसे, शरणपूरचा.
वर्षभर नोटप्रेसमध्ये कोऱ्या नोटांचे गठ्ठे बांधायचा
आणि फेब्रुवारीत रजा टाकून मद्रासला निघायचा,
शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर रेस लागायची तिथं.
मोटारसायकल ब्रेकव्हॅनमध्ये, टायर मांडीवर,
शेजारी दादा: दोन लिव्हर, शंखजिऱ्याचा डबा,
आईनं बांधून दिलेल्या दशम्या.

मी अकरा वर्षांची. दादांनी मला टायर असा शिकवला:
आधी आत कापूस होता गं.
कापसाचं कापड, वर रबर. तापलं की सुटायचं, माणूस जायचा.
मग नायलॉन आलं.
पुढच्या चाकाला लांब रेघा, मागच्याला ठोकळे,
कारण पुढचं वाट दाखवतं, मागचं नुसतं ढकलतं.
मग कुणा शहाण्याच्या लक्षात आलं
की वळणात गाडी झोपते तेव्हा
टायर मधोमध नसतोच, कडेवर उभा असतो.
तर रबर कडेला द्या.
झाला टायर कौलारू छपरासारखा, मधे आढं, दोन्हीकडे उतार.

आणि मग नक्षीच गेली.
पहिला तुळतुळीत टायर मुंबईहून आला, गोणपाटात शिवून.
मला वाटलं फसवलं, झिजलेला दिला.
दादा हसले. नक्षी पाण्यासाठी असते, बाई.
कोरड्या रस्त्याला सगळं अंग टेकवावं लागतं.
नख रुतव.
रुतवलं. खव्यात रुतावं तसं रुतलं,
एक चंद्रकोर उमटली
आणि सावकाश बुजली.

पण गार रबर म्हणजे शेवाळ.
म्हणून रेसआधी दादा टायर तापल्या पत्र्यावर ठेवायचे,
मग घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसायचे.
मद्रासची पोरं हसायची.
पहिल्या फेरीत शमुवेल कुणाला सापडायचा नाही,
मग हसायची नाहीत.
(कितीतरी वर्षांनी टीव्हीवर टायरांना विजेची पांघरुणं दिसली.
दादा म्हणाले, पोचली आपली घोंगडी.)

परत आल्यावर टायर वाचायचे ते.
रस्ता जिथं लागलाच नाही तिथं रबर कोरं राहतं, चकचकीत.
तेवढी माणसाची भीती, म्हणायचे,
पट्टी लावून मोजावी.
शमुवेलची कड सुतभरही कोरी नसायची.

ऐंशी की एक्क्याऐंशी साल.
तो पाचवा आला. कार्बोरेटरनं दगा दिला, म्हणाला.
टायर जमिनीवर आडवा होता.
दोन बोटं कोरी कड. दोन्हीकडे.
दादांनी बोटं टेकवली, उचलली,
पोऱ्याला सांगितलं, तीन चहा आण, एकात साखर कमी.
कार्बोरेटरबद्दल बराच वेळ बोलले.
मला उशिरा कळलं,
त्या डिसेंबरात शमुवेलला मुलगी झाली होती.
तो पुन्हा मद्रासला गेला नाही,
भिंतीवरचा तिसरा टायर तो.

पुढं रेडियल आले, रिमोल्डिंग बसलं,
मी पंक्चर काढायला शिकले.

दादा गेल्यावर त्यांची स्कूटर मीच खोलली.
मागचा टायर मधोमध सपाट, जेवायच्या पाटासारखा.
द्वारका ते काठे गल्ली, काठे गल्ली ते द्वारका,
असे किती झिजवले असतील, सगळे असेच.
आणि दोन्ही कडांना
साच्यातून निघताना राहिलेली रबराची बारीक केसं,
ताठ, जशीच्या तशी.
बोट फिरवलं तर गुदगुल्या झाल्या.

भिंतीवरच्या तिसऱ्याला नख लावून पाहिलं.
आता रुतत नाही.

बाहेर कुणीतरी हाक मारतंय:
ट्यूबलेस आहे ताई, खिळा आहे बहुतेक,
पाहता का?
पाहते, म्हटलं. मधल्या स्टँडवर लावा.